पेशीपटल म्हणजे वॉचमन नव्हे

पेशी म्हणजे एक घर. केंद्रक म्हणजे घरमालक, तंतुकणिका म्हणजे पॉवरहाऊस आणि पेशीपटल म्हणजे गेटवरचा वॉचमन. चांगल्याला आत सोडतो, वाईटाला हाकलतो. लिहा, दोन मार्क.

ही उपमा ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला आपला कोपरापासून नमस्कार. शाळेतल्या तक्त्यांवरून, क्लासच्या नोट्समधून आणि आता यूट्यूबवरच्या रंगीत व्हिडिओंमधून ती बिनबोभाट फिरते आहे. बरं, शाळेतली पोरं एक वेळ ठीक. आमच्या क्षेत्रातली मंडळी तर त्याहून वरताण. कुठल्याही आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये जीवशास्त्राचा विषय काढून बघा. (सहसा कोणी काढत नाही, पण कोविडच्या काळात बराच निघायचा.) पाच मिनिटांच्या आत कोणीतरी ज्ञान देणारच, "मेम्ब्रेन म्हणजे बेसिकली फायरवॉल रे!" डीएनए म्हणजे सोर्स कोड, रिसेप्टर म्हणजे एपीआय, विषाणू म्हणजे मालवेअर. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, आम्हाला सर्व्हर दिसतो.

मला उपमांचं वावडं नाही. ह्याच लेखात पुढे मी स्वतः दोन-तीन वापरणार आहे. पण वॉचमन आणि फायरवॉल ह्या उपमा नुसत्या ढोबळ नाहीत, त्या चक्क उलट्या आहेत. आणि ह्या उलट्या चित्राची किंमत जुलाब लागलेली लहान मुलं मोजतात. हे वाक्य फारच ताणलेलं वाटत असेल तर थोडा दम धरा, तिथे येतोच आहे.

आधी हे पटल म्हणजे आहे काय ते बघू.

ते तेल आहे. अक्षरशः. फॉस्फोलिपिड नावाचे रेणू असतात. त्यांना एक डोकं असतं, ते पाण्यात रमतं. आणि दोन शेपट्या असतात, त्या तेलकट, पाण्याशी त्यांचं अजिबात जमत नाही. असे भरपूर रेणू पाण्यात सोडले की ते आपले आपण दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. कोणी गवंडी लागत नाही, नकाशा लागत नाही, 'सोर्स कोड'मध्ये हा दुहेरी थर कसा रचायचा ह्याची एक ओळही नाही. (रेणू कोणते बनवायचे ते जनुकं ठरवतात, पण ते रांगेत उभे राहतात ते पाण्याच्या स्वभावामुळे.) सुईने भोसकलं तर भोक पुन्हा बुजतं. असली भिंत कोणी बांधून दाखवावी!

जाडी किती? साधारण ५ नॅनोमीटर. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे त्या जाडीत असली वीस हजार पटलं एकावर एक बसतील.

हे दोन थर आहेत हे कळलं त्याची गोष्टही मजेशीर आहे. १९२५ साली हॉलंडमधल्या गोर्टर आणि ग्रेन्डेल ह्या जोडगोळीने रक्तातल्या तांबड्या पेशींमधली सगळी चरबी अॅसिटोनने काढली, पाण्यावर पसरली आणि तिचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे थर दोन! निष्कर्ष एकदम बरोबर. पुढे लक्षात आलं की अॅसिटोनने सगळी चरबी निघालीच नव्हती, आणि वाळवलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन बग एकमेकांना खाऊन गेले आणि टेस्ट पास झाली. आमच्या धंद्यात असले रिलीज रोज होतात, फक्त ते शंभर वर्षं टिकत नाहीत.

तेलच असल्यामुळे ते वाहतं. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन ह्यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी जोडून एक केली. दोघींच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकणारे रंग लावले होते. सुरुवातीला अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. ३७ अंशाला ठेवल्यावर चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. गार ठेवल्यावर मिसळले नाहीत. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन ह्यांनी ह्यावरून जे चित्र मांडलं (तेलाच्या थरात तरंगणारी प्रथिनं) तेच आज थोड्याफार दुरुस्त्यांसह मान्य आहे. पण 'भिंत' म्हणून शिकलेल्या डोक्यात, 'भिंतीतल्या विटा चाळीस मिनिटांत घरभर फिरून येतात' हे कसं बसणार?

गार ठेवल्यावर का मिसळले नाहीत, हे डिसेंबरात बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली बघितलेल्या माणसाला सांगायला नको. खोबरेल गोठतं, शेजारचं शेंगदाण्याचं तेल गोठत नाही. खोबरेलातल्या शेपट्या सरळसोट, त्या काड्यांच्या जुडीसारख्या घट्ट बसतात. शेंगदाण्याच्या तेलात बऱ्याच शेपट्यांना मध्येच बाक असतो, त्या नीट रचल्या जात नाहीत. पेशीलाही हे 'माहीत' आहे. गारठा वाढला की जिवाणू आपल्या पटलातल्या बाकदार शेपट्यांचं प्रमाण वाढवतात, जेणेकरून पटलाचा पातळपणा कायम राहील. १९७४ मध्ये सिनेन्स्कीने हे ई. कोलाय जिवाणूत दाखवलं. थंडी पडली म्हणून भिंत स्वतःचा माल बदलते असं कधी ऐकलंय?

आता वॉचमनकडे वळू.

वॉचमन माणूस बघून ठरवतो. पटल काहीही ठरवत नाही. प्राणवायू तेलातून सहज जातो म्हणून आत जातो. दारूतलं अल्कोहोलही जातं. कार्बन मोनॉक्साइड, ज्याने माणूस मरतो, तोही बिनदिक्कत जातो. आणि ज्याच्यावर पेशी जगते ते ग्लुकोज? ते दारात अडतं! पाण्यात विरघळणारं, तेलाशी न जमणारं, म्हणून. झुरिकमध्ये ओव्हरटन नावाच्या माणसाने १८९० च्या दशकातच हे ओळखलं होतं, की तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत पटकन शिरतात. चांगलं-वाईट हा प्रश्नच नाही. खुन्याला सलाम ठोकून घरच्या धन्याला रोखणारा वॉचमन तुमच्या सोसायटीत किती दिवस टिकेल?

"पण मग निवडक्षम पारपटल म्हणतात ते?" निवड होते, जरूर होते. पण ती करतात तेलात रुतून बसलेली प्रथिनं, आणि तीही नियमांची वही बघून नव्हे. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पोटॅशियमच्या वाहिनीचं. ह्या वाहिनीतून सेकंदाला कोटीच्या घरात पोटॅशियम आयन जाऊ शकतात, आणि सोडियम चुकून एखादा, दहा हजारांत एक. आता गंमत बघा, सोडियम हा पोटॅशियमपेक्षा लहान आहे. चाळणीतून मोठा खडा पडतो आणि बारीक खडा अडकतो! वॉचमन सोडा, चाळणीची उपमाही इथे मोडते.

रॉडरिक मॅककिनन ह्यांनी १९९८ मध्ये ह्या वाहिनीची अणूअणूने रचना दाखवली (२००३ मध्ये नोबेल मिळालं, पाण्याच्या वाहिन्या शोधणाऱ्या पीटर अॅग्र ह्यांच्याबरोबर). पाण्यातला प्रत्येक आयन पाण्याच्या रेणूंची शाल पांघरून असतो. वाहिनीच्या अरुंद भागात शिरायचं तर शाल काढावी लागते. वाहिनीच्या आत ऑक्सिजनचे अणू अशा नेमक्या अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमला ते शालीइतकेच उबदार वाटतात. सोडियम लहान, त्याला ते सगळे एकदम पोचत नाहीत. मग तो म्हणतो, नको बाबा, मी बाहेर शालीतच बरा. इथे कोणी कोणाला अडवलं नाही. हिशोब जमला नाही म्हणून तो आला नाही, एवढंच. फायरवॉलवाल्यांनी ह्यात 'अलाउ' आणि 'डिनाय'चा तक्ता शोधून दाखवावा. माझ्यातर्फे मिसळ.

फायरवॉलची दुसरी आणि मोठी गडबड. फायरवॉल बंद केली तर नेटवर्क चालूच राहतं, धोका वाढतो इतकंच. पेशीपटलाचं काम 'धोका टाळणं' हे मुळात दुय्यम आहे. त्याचं खरं काम आहे फरक टिकवून ठेवणं. पेशीच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापट, पोटॅशियम आत बाहेरच्यापेक्षा तीसपट. हा फरक आपोआप राहत नाही, सतत गळत असतो. तो भरून काढायला एक पंप आहे, जो एका एटीपीच्या मोबदल्यात तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कोउ ह्यांनी १९५७ मध्ये तो शोधला, नोबेल मिळेपर्यंत १९९७ उजाडलं. तुम्ही आत्ता खुर्चीत नुसते बसून हे वाचताय ना, तुमच्या शरीराच्या खर्चातला साधारण पाचवा हिस्सा ह्या एका पंपावर जातोय. मेंदूत तर त्याहून बराच जास्त.

एवढा खर्च करून मिळतं काय? वीज. मज्जापेशीच्या पटलाच्या दोन बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. वाचायला किरकोळ वाटतं. पण तो ५ नॅनोमीटरवर आहे हे विसरू नका. भागाकार केला तर मीटरला सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट निघतात. कोरड्या हवेत साधारण ३० लाखांना ठिणगी पडते. म्हणजे पावसाळी ढगांना जे पेलत नाही ते हे तेलाचं कवच जन्मभर पेलतंय. ह्याला 'संरक्षक आवरण' म्हणणं म्हणजे कोयना धरणाला 'कुंपण' म्हणण्यासारखं आहे.

उपमाच हवी असेल तर धरणाचीच घ्या, आणि त्यातही घाटघरचा उदंचन प्रकल्प घ्या. वीज जेव्हा शिल्लक असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि गरज लागली की तेच खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. पेशी सोडियम चढवते आणि मग तो उताराने परत येताना त्याच्याकडून कामं करून घेते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर हेच प्रोटॉनच्या बाबतीत चालतं, आणि तुमचं बहुतेक एटीपी त्यातूनच बनतं. पीटर मिचेलने १९६१ मध्ये हे मांडलं तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली. १९७८ मध्ये नोबेल दिलं.

हे धरण फुटलं तर काय होतं ह्याचा प्रयोग माणसांवर होऊन गेला आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाचं वजन कमी करायचं औषध जोरात खपलं. हा रेणू तेलात विरघळतो आणि प्रोटॉनला पाठुंगळीला घेऊन पटलापलीकडे सोडतो. टर्बाइनला वळसा. इंधन जळत राहतं, एटीपी बनत नाही, सगळ्याची उष्णता होते. लोक बारीक झाले, काहींना मोतीबिंदू झाले, काही जण आतून तापून मेले. १९३८ मध्ये ते माणसांना द्यायला अयोग्य ठरवलं गेलं. ह्यात पटल कुठे फाटलं नव्हतं, कोणी 'शत्रू' आत शिरून लुटालूट केली नव्हती. फक्त फरक गळून गेला. वॉचमनच्या गोष्टीत ह्या मृत्यूंना जागाच नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. "अहो, लहान मुलांना सोपं करूनच सांगावं लागतं." मान्य. पण सोपं आणि खोटं ह्यात फरक आहे. 'पटल तेलाचं आहे, म्हणून मीठ आणि साखर त्यातून जात नाहीत, त्यांना वेगळी दारं लागतात' हे वाक्य वॉचमनपेक्षा अवघड आहे का? स्वयंपाकघरात वाटीभर पाण्यात तेल ओतून मिठाचा खडा टाकला की चौथीतल्या पोरालाही दिसतं. सोपेपणाच्या नावाखाली आपण आळस विकतोय. आणि वॉचमनचं चित्र एकदा बसलं की पुढचा प्रश्नच सुचत नाही. वॉचमन आहे ना, तो बघेल.

आता त्या जुलाबाच्या गोष्टीकडे.

कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच झडून जातं असा एके काळी समज होता. भिंत पडली, पाणी वाहिलं. दिसायला किती सुसंगत! पण तसं नसतं. १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे ह्यांनी दाखवलं की जिवाणू एक विष सोडतो आणि सगळं रामायण त्याने घडतं. ते विष आतड्याच्या पेशीच्या पटलावरच्या एका विशिष्ट चरबीला चिकटतं, पेशीत संदेशांची साखळी सुरू होते आणि क्लोराइडची वाहिनी उघडी राहते. क्लोराइड आतड्यात ओतलं जातं, त्याच्या मागे सोडियम, आणि त्यामागे पाणी. तीव्र कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत. पटल धडधाकट, पेशी जिवंत, आणि माणूस वाळून मरतोय.

आणि पटल धडधाकट आहे हीच सुटकेची वाट. ऑगस्ट १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन ह्यांनी प्रागमधल्या परिषदेत मांडलं की आतड्यातल्या पेशी ग्लुकोज आत घेतात ते सोडियमच्या जोडीने. आज आपल्याला माहीत आहे की हे दार दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदम आत घेतं. नुसता सोडियम आला, दार फिरत नाही. नुसतं ग्लुकोज आलं, तरी नाही. दोघं आले की सोडियमच्या उताराच्या जोरावर ग्लुकोज आत, आणि दोघांमागोमाग पाणी. कॉलऱ्याचं विष ह्या दाराला हात लावत नाही! म्हणजे एका दारातून पाणी धो धो बाहेर जात असताना शेजारच्या दारातून ते परत आत भरता येतं. सलाइनच्या बाटलीशिवाय. तोंडाने.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमध्ये बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशी पाकिटं बनवून घेतली, द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. एरवी अशा परिस्थितीत शंभरातले वीस-तीस मरत. तिथे मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. आयुष्यभर ह्या माणसाचं नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक होतं? २०२२ मध्ये ते गेले, २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. असो.

हे सगळं वाचल्यावर एक गोष्ट लख्ख दिसायला हवी. ओआरएसमधली साखर 'ताकदीसाठी' नाही. ती सोडियमच्या दाराची दुसरी किल्ली आहे. आणि किल्ली एकास एक हवी. म्हणून सध्याच्या सूत्रात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज असतं, म्हणजे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. २००२ च्या आधी दोन्ही जास्त होती, मुद्दाम कमी केली, कारण द्रावण जितकं घट्ट तितकं ते आतड्यात पाणी ओढून आणतं.

पण आपल्या डोक्यात चित्र कुठलं? वॉचमनचं. 'चांगलं' ते आत घेतलं जाईल. साखर चांगली, ग्लुकोज तर फारच चांगलं, क्रिकेटच्या जाहिरातीतलं पेय सर्वोत्तम. मग जुलाब झालेल्या दोन वर्षांच्या पोराला गोड रस, कोल्ड्रिंक, 'एनर्जी'वालं काहीतरी पाजलं जातं. कोल्ड्रिंकमध्ये लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर असते आणि सोडियम नावापुरता. दाराला जोडीदार मिळत नाही, उरलेली साखर आतड्यात बसून शरीरातलंच पाणी ओढते, आणि जुलाब वाढतात. 'एवढं पाजतोय तरी थांबत नाहीत' म्हणत आई-बाप आणखी पाजतात.

बाजाराने ह्या अज्ञानाचा व्यवस्थित धंदा केला. कित्येक पट साखर असलेली फळांच्या चवीची पेयं नावात 'ओआरएस' मिरवत मेडिकलच्या दुकानात, खऱ्या ओआरएसच्या शेजारी विकली गेली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये आधी मनाई केली, मग काही महिन्यांतच 'हे डब्ल्यूएचओचं सूत्र नव्हे' अशी ओळ छापून नाव वापरायची मुभा दिली. म्हणजे विषाच्या बाटलीवर 'हे दूध नाही' असं लिहून दुधाच्या फळीवर ठेवायची परवानगी! हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष ह्यांनी वर्षानुवर्षं हे प्रकरण लावून धरलं, तेव्हा कुठे १४ ऑक्टोबर २०२५ ला ती मुभा मागे घेतली गेली.

आणि ज्या घरात खरं पाकीट येतं तिथेही निम्मी लढाई हरली जाते. लिटरभर पाण्याचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवतात. 'घट्ट केलं की गुण लवकर येईल.' किंवा अर्धी पुडी आत्ता, अर्धी संध्याकाळी. पाच पट घट्ट द्रावण म्हणजे औषध नव्हे, जुलाबात भर, आणि वर सोडियमचा अतिरेक. ह्या माणसांना मूर्ख म्हणायची माझी बिलकुल तयारी नाही. दहावीपर्यंत विज्ञान शिकूनही त्यांना कोणी हे दार दाखवलंच नाही. परासरणाची व्याख्या पाठ होती, समपरासारी-अवपरासारी-अतिपरासारी सगळं परीक्षेत लिहून आले होते. मनुका पाण्यात टाकून फुगवलेल्या होत्या. त्याच धड्यात हे पाकीट ठेवायला काय हरकत होती?

तर पाठ्यपुस्तक मंडळाला माझी मागणी साधी आहे. पेशीपटलाच्या आकृतीतला वॉचमन काढा आणि तिथे ओआरएसच्या पाकिटाचं चित्र छापा. शेजारी चौकटीत, पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. जास्त नाही, कमी नाही. खाली प्रश्न विचारा, 'मीठ वगळलं तर काय होईल? साखर दुप्पट केली तर काय होईल? कारण द्या.' चार मार्क. आणि पाकिटांवर पाण्याचं माप बघायलाही तिथेच शिकवा, कारण दुकानात लिटरची पाकिटंही मिळतात आणि २०० मिलीचीही, आणि ते माप मागच्या बाजूला बारीक टायपात असतं.